परीचा ताठ फ्रॉक शिवायचा कसा, आणि तो आला कुठून?

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळी एकाच गोष्टीवर आहेत. शाळांच्या गॅदरिंगचे दिवस आले, पोरींनी मोबाईलवर बॅले नाचणाऱ्या बायांचे व्हिडिओ पाहिले, आणि आता वडसा म्हणा, आर्णी म्हणा, सगळीकडे तसाच फ्रॉक पाहिजे. मला तर आनंदच झाला. झाडीपट्टीच्या नाटकांची ड्रेपरी म्हणजे पोशाख शिवण्यात ज्या बाईचा हयातभर हात राहिला तिला कोणी फ्रॉकचा इतिहास विचारला तर ती थोडक्यात आटपणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. चौथीच्या पोरींचा परीचा डान्स बसवून राहिलो. युट्यूबवर ज्या बाया पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहून नाचतात त्यांचा फ्रॉक कमरेपाशी ताटासारखा आडवा राहते. हा असा काहून? कोणी काढला? पोरींनी विचारलं अन् मला काही सांगता आलं नाही. (एक गुरुजी, आर्णी तालुका)

गुरुजी, त्याला टूटू म्हणतात, आणि तो कोण्या एकानं बसून काढलेला नाही, दीडशे वर्षांत हळूहळू कापत कापत वर गेलेला आहे. पोरींना गोष्ट सांगायची तर राजापासून सुरू करा. बॅले इटलीच्या दरबारांत जन्मला आणि फ्रान्सच्या दरबारात वाढला, आणि तिथं सुरवातीला राजे-सरदार स्वतः नाचत. चौदावा लुई हा फ्रान्सचा राजा 1653 मध्ये सोन्याचा सूर्य बनून नाचला होता, तेव्हा वय त्याचं जेमतेम चौदा. मग विचार करा, दरबारात नाचायचं म्हणजे दरबारी कपडे, जरीचे, वजनदार, डोक्यावर पिसं, तोंडावर मुखवटा. बायांची दशा तर विचारूच नका, कमरेला दोन्ही बाजूंनी सांगाडा बांधलेला घागरा थेट जमिनीपर्यंत. पाय आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. पुरुष उड्या मारायचे, टाळ्या घ्यायचे आणि बाई नुसती सरकत जायची.

मग पॅरिसच्या ऑपेरात 1726 मध्ये मारी कामार्गो नावाची मुलगी आली. तिचं पायाचं काम जबरदस्त होतं, हवेत उडी घेऊन पाय एकमेकांवर आपटायचे आणि परत खाली यायचं, हे तोवर पुरुषांचं काम समजत. पण घागऱ्याखाली हे दिसणार कोणाला? म्हणून तिनं घागरा घोट्याच्या वर घेतला. बस, चार बोटं. पण त्या चार बोटांवर लोकांनी किती चर्चा केली असेल. तिच्याच काळातली दुसरी, मारी साले, तिनं 1734 मध्ये लंडनला तो कमरेचा सांगाडाच काढून फेकला आणि साध्या मलमलच्या झग्यात, केस मोकळे सोडून नाचली. एकीला पाय दाखवायचे होते, दुसरीला अंगाचा भाव दाखवायचा होता, म्हणून दोघींनी कपडा वेगवेगळ्या तऱ्हेनं हलका केला, हे मला फार आवडते.

आता पांढरा परीचा फ्रॉक. ती तारीख पक्की आहे, 12 मार्च 1832, पॅरिस ऑपेरा, बॅलेचं नाव ला सिल्फीद, नाचणारी मारी ताग्लियोनी. नाच तिच्या बापानं बसवला आणि पोशाख युजीन लामी या चित्रकाराच्या नावावर आहे. वर घट्ट चोळी, खांदे उघडे, खाली पांढऱ्या पातळ कापडाचा घेरदार घागरा पोटरीपर्यंत, पाठीला बारके पंख. तुमच्या पोरींच्या डोक्यात जी परी आहे ती हीच. त्या काळात थिएटरात नुकतेच गॅसचे दिवे आले होते, तो उजेड कमी-जास्त करता यायचा, मग निळसर उजेडात पांढरा पातळ कपडा असा दिसायचा की बाई जमिनीला टेकलीच नाही. आणि ती अंगठ्यावर नाचायची, तेही आजच्यासारखे टोकाला कडक जोडे नसताना, साध्या साटीनच्या जोड्याला टोकाशी दोऱ्यानं रफू मारून. मग सगळ्याच बायांनी पांढरं घातलं. 1841 मध्ये जिझेल आलं, त्यातही पांढऱ्या घागऱ्यातली भुतं आहेत.

हा लांब फ्रॉक ताठ आडवा झाला तो पुढच्या पन्नास वर्षांत. इटलीच्या नाचणाऱ्या तयारीत पक्क्या होत्या, गिरक्यांमध्ये त्यांचा हात कोणी धरत नव्हतं. 1885 मध्ये व्हर्जिनिया झुक्की रशियाला गेली तर तिथले लांब घागरे घालायला तिनं साफ नकार दिला, आखूडच पाहिजे म्हणाली. मग पियरिना लेन्यानी आली, तिनं 1893 मध्ये सेंट पीटर्सबर्गला एका पायावर लागोपाठ 32 गिरक्या घेऊन दाखवल्या, 1895 च्या स्वान लेकमध्ये पुन्हा घेतल्या, आणि आजही त्या बॅलेत 32 मोजतात. आता गुरुजी, गिरकी घेताना एक पाय चाबकासारखा बाहेर जाऊन आत येते, मांडीपासून. घागरा पोटरीपर्यंत असला तर पायात गुंतेल आणि प्रेक्षकाला काही दिसणारही नाही. म्हणून घागरा मांडीच्या वर गेला आणि वर जाऊन आडवा झाला. पायाला जे करायचं होतं त्यानं कपडा ठरवला, फॅशन म्हणून कोणी कापला नाही. पोरींना एवढं सांगा, त्या बरोबर समजतात.

प्रश्न : मी घरी शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाऊज, लेहंगे. गॅदरिंगसाठी बारा फ्रॉकची ऑर्डर आली. कॅनकॅन नेट लावून पाहिलं तर एका बाजूनं उभं राहते, दुसऱ्या बाजूनं पडते. आत काय असते ते नीट सांगा. (दिग्रसहून एक ताई)

ताई, तुमचं पत्र वाचून मशीनवर जाऊन बसावं वाटलं. असली टूटूचं कापड कमरेला शिवतच नाहीत, तिथंच सगळी मेख आहे. ते शिवतात चड्डीवर. म्हणजे आधी अंगाला घट्ट बसणारी चड्डी, तिच्यावर मांडीच्या कडेपासून वर कमरेपर्यंत एकाखाली एक अशा दहा-बारा रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेवर नेटची चुण्या घातलेली पट्टी. सगळ्यात खालची, मांडीजवळची पट्टी दोन-तीन बोटांचीच असते, वरची तिच्यापेक्षा जरा रुंद, तिच्यावरची अजून रुंद, आणि सगळ्यात वरची हातभर. खालच्या आखूड ताठ पट्ट्या वरच्या लांब पट्टीला टेका देतात. लेहंग्याला आपण कॅनकॅन कमरेला लावतो आणि ते खाली लोंबते, इथं खालून वर ढकलायचं आहे. तुमचं एका बाजूनं पडून राहिलं कारण चुण्या सारख्या आल्या नसतील, किंवा सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या कापल्या असतील.

मधल्या एका पट्टीत नळी करून पातळ स्टीलची तार घालतात, त्यानं गोल बसते. मग शेवटी सगळ्या पट्ट्या एकमेकींना ढिल्या टाक्यांनी धरायच्या, हातानं, दोरा ओढायचा नाही. ओढला की चपटं झालं समजा. चोळी वेगळी, तिला मागून हुक, आणि हुकांच्या काज्यांच्या दोन-तीन ओळी, कारण तोच फ्रॉक यंदा एकीला, पुढच्या साली दुसरीला. आपल्या ड्रेपरीतही हेच करतो ना, शिवण आत दाबून ठेवतो. एका टूटूला नेट दहा-बारा मीटर सहज जाते आणि चांगल्या कारागिराचे 60 ते 90 तास. तुम्ही बारा फ्रॉकची ऑर्डर घेतली आहे, भाव काय ठरवला ते लिहिलं नाही. कमी ठरवला असेल तर आताच बोलून घ्या.

आधी हे सुती कापडाचं बनायचं, विरळ विणीच्या मलमलला खळ देऊन कडक करायचे, घाम लागला की लुळं. नायलॉन आल्यावर नेट आपोआप ताठ राहायला लागली आणि फ्रॉक अजूनच सपाट झाला.

एक नाव लक्षात ठेवा, बार्बरा करिन्स्का. 1886 ला खार्किवमध्ये जन्मली, पुढं अमेरिकेत न्यूयॉर्कला नाच बसवणाऱ्या जॉर्ज बॅलंचिनच्या बॅलेसाठी शिवायची, सिनेमाच्या पोशाखासाठी ऑस्करही मिळालं आहे तिला. बॅलंचिनच्या एका नाचात स्टेजवर एकाच वेळी इतक्या बाया की तारेचे फ्रॉक एकमेकींना लागायचे, एकीचा फ्रॉक लागला की दुसरीचा मागून वर उचलायचा. तर करिन्स्कानं 1950 मध्ये तारच काढून टाकली, थर कमी केले, मऊ ठेवले. तुमच्या बारा पोरी शाळेच्या लहानशा स्टेजवर नाचणार आहेत, तुम्हाला हाच रस्ता बरा. तिची दुसरी युक्ती म्हणजे चोळीच्या बगलेचे तुकडे उरेब, म्हणजे तिरपे कापायची, म्हणजे चोळी घट्ट दिसते पण श्वास घेतला की ताणते. ब्लाऊजला करून पाहा, बायका तुमचं दुकान सोडणार नाहीत.

माझं मत विचाराल तर चौथीच्या पोरींना आडवा टूटू नकोच. ताग्लियोनीचा लांबवाला शिवा. सुती अस्तराचा घागरा पोटरीपर्यंत, त्यावर मऊ नेटचे तीन थर, घेर कमरेच्या अडीच-तीन पट, कमरेला इलॅस्टिक. डिसेंबरच्या थंडीत रात्री उघड्या मैदानात पोरी उभ्या राहणार आहेत, आतून लेगिंग द्या. कडक नेट मांडीला घासून लाल चट्टे येतात, लहान लेकरं नाचायचं सोडून खाजवत बसतात.

प्रश्न : आमच्या शाळेत आरतीचा डान्स आहे, पोरींच्या हातात पेटते दिवे आणि शेवटी स्टेजच्या कडेला अनार. ड्रेस नेटचेच आहेत. चालेल ना? (एक पालक, मूल तालुका)

नाही चालणार. भाऊ, आजच शाळेत जाऊन सांगा.

वर ताग्लियोनीचं सांगितलं ना, तिची एक शिष्या होती, एमा लिव्ह्री. ताग्लियोनीनं स्वतः तिच्यासाठी एक बॅले बसवलं होतं, 1860 मध्ये, फुलपाखराचं, त्यात त्या फुलपाखराचे पंख मशालीवर जळतात. 15 नोव्हेंबर 1862 ला पॅरिस ऑपेरात दुसऱ्याच एका खेळाची तालीम चालू होती, एमाचा घागरा गॅसच्या दिव्याला लागला आणि ती पेटली. आठ महिने भाजलेल्या अंगानं काढले, जुलै 1863 मध्ये गेली, वय वीस. तिच्या आधी 1844 मध्ये लंडनला क्लारा वेबस्टर अशीच स्टेजवर पेटून गेली. तेव्हाही आग न धरणारं औषध लावलेलं कापड मिळत होतं, ऑपेरानं घालायलाही सांगितलं होतं, पण त्यानं पांढरा रंग मळकट व्हायचा आणि कपडा कडक, म्हणून एमानं घातलं नाही. त्या पोरीला मी दोष देत नाही. स्टेजवर सुंदर दिसायचं तिच्या पोटाचं काम होतं. पण ज्यांच्या हाती स्टेज होतं त्यांनी दिवे झाकायला पाहिजे होते.

तेव्हाची मलमल भडकून जळायची. आपली नायलॉनची नेट वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. घेरदार कपड्यात थरांमध्ये हवा असते, आग क्षणात वर चढते, लहान लेकराला कळेपर्यंत कमरेला पोचते. म्हणून बॅटरीचे दिवे घ्या, दुरून फरक कळत नाही. अनार तर बिलकुल नको. स्टेजच्या मागं पाण्याची बादली आणि एक जाड सुती चादर किंवा घोंगडी ठेवा. कोणाला लागलंच तर पळू देऊ नका, खाली आडवं पाडून लोळवा, चादरीनं दाबा, मग वीस मिनिटं साधं वाहतं पाणी टाका. चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. पाणी आणि लगेच दवाखाना.

प्रश्न : बाई, मी सत्तरीच्या पुढची. नात दाखवून राहिली ते नाच, मांडीपर्यंत उघडं. आमच्या दंडारीत तर बाप्ये लुगडं नेसून बाई व्हायचे तरी पदर ढळू देत नव्हते. तिकडच्या लोकांनी काही म्हटलं नाही का? (आरमोरीहून एक आजी)

म्हटलं ना आजी, हर वेळी म्हटलं. आणि ते उघडं दिसते पण उघडं नसते, पायभर घट्ट विणीचा पायमोजा असते, कमरेपर्यंत. फ्रान्सच्या क्रांतीच्या आसपास कपडे पातळ झाले तेव्हापासून हे अंगाला चिकटणारे मोजे आले.

बोलणं बायांवरच नाही, पुरुषांवरही आलं. निजिन्स्की म्हणून रशियाचा फार मोठा नाचणारा, 1911 मध्ये सेंट पीटर्सबर्गला जिझेलमध्ये नुसत्या घट्ट मोज्यांवर नाचला, वरून आखूड तुमान घालायचा रिवाज होता ती घातली नाही. राजघराण्यातले लोक समोर बसले होते. नोकरी गेली त्याची. पण तो थांबला नाही, दियागिलेव्ह नावाच्या माणसाच्या बॅले मंडळीत पॅरिसला नाचत राहिला, आणि त्याच मंडळीचे लिऑन बाक्स्टनं काढलेले पोशाख, 1910 च्या शेहेराझाद या बॅलेमधले पूर्वेकडच्या ढंगाचे भडक रंग, ढगळ सलवारी, पाहून पॅरिसच्या श्रीमंत बायांचे कपडे बदलले. नाचाच्या स्टेजवरून फॅशन बाजारात जाते, हे आपल्याकडं सिनेमानं केलं, तिकडं बॅलेनं.

आजी, दंडारीतलं लुगडं मला तेवढंच मोठं वाटते. कासोटा मारलेलं नऊवारी पाहा, अंग पूर्ण झाकते आणि पाय दोन्हीकडं मोकळे, बसता येते, उडी मारता येते, घुंगराचा ठेका दिसते. कामार्गोला जे करायला कात्री लागली ते आपल्याकडं नेसण्यात होतं. नातीला ते नेसायला तुम्हीच शिकवा, युट्यूबवाल्यांना तो कासोटा नीट जमत नाही.

प्रश्न : बॅलेचा आणि आपल्या भारतातल्या नाचाचा काही संबंध आहे का? (वरुडहून एक वाचक)

आहे, आणि तो एका बाईपाशी येते, आना पावलोवा. मरणाऱ्या हंसाचा तिचा नाच जगभर गाजला, पांढऱ्या पिसांच्या टूटूतला. ती 1920 च्या दशकात भारतात दौऱ्यावर आली होती. 1923 मध्ये उदय शंकर तिच्यासोबत लंडनला राधा-कृष्णाच्या नाचात कृष्ण झाले, तिथून त्यांचं पुढचं सगळं उभं राहिलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल तर पावलोवाच्या मंडळीतल्या एका नाचणारीकडं बॅलेच शिकल्या होत्या, पावलोवानं त्यांना आपल्या मातीतला नाच पाहा म्हणून सांगितलं. रुक्मिणीदेवींनी मग 1936 मध्ये मद्रासला कलाक्षेत्र काढलं. आज भरतनाट्यमचा जो शिवलेला पोशाख दिसते, पुढं चुण्यांचा पंखा, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धवट बसलं की तो उघडते, त्याला वळण त्यांनी दिलं आणि शिवायला एका इटालियन बाईंची मदत घेतली होती. आधी साडीच नेसत. कापड मात्र इथलंच, हातमागाचं. आपल्या भंडाऱ्याच्या कोशाच्या साडीवर असा पंखा किती देखणा पडेल याचा विचार मी नेहमी करते, कोणी शिवला असेल तर फोटो पाठवा.

प्रश्न : टूटू धुतात कसा? (गडचिरोलीहून)

धूतच नाहीत जवळपास. चोळीच्या आत बगलेला सुती गाद्या लावतात, त्या काढून धुतात. वास जावा म्हणून तिकडं व्होडका फवारतात. आपल्याकडं जिल्ह्यात दारूबंदी आहे, तर सावलीत वाऱ्यावर उलटा टांगा, चड्डी वर आणि नेट खाली. ठेवतानाही उलटा टांगूनच ठेवायचा, पेटीत घडी घालून कोंबला की मेला.

प्रश्न : ताई मी अकरावीत आहे, कॉलेजच्या डान्समध्ये आहे. सरांनी सगळ्यांना स्किन कलरचे स्टॉकिंग मागवले, ते आले गुलाबीसर. मी सावळी आहे. माझे पाय वेगळेच कोणाचे लावल्यासारखे दिसून राहिले. मैत्रिणी हसल्या. काय करू? (एक मुलगी, दारव्हा)

बाळा, तुझं बरोबर आहे आणि त्या स्टॉकिंगचं चूक आहे. गोऱ्या कातडीला स्किन कलर म्हणायचं ठरवलं ते युरोपात, कारण तिथं नाचणाऱ्या बाया तशा होत्या. गुलाबी मोजा आणि गुलाबी साटीनचा जोडा, म्हणजे पायाची रेघ कमरेपासून अंगठ्यापर्यंत न तुटता दिसावी, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे, पण मग सावळ्या पायाला सावळाच रंग लागेल ना, नाहीतर रेघ कमरेतच तुटली.

हे अमेरिकेत आर्थर मिचेलनं करून दाखवलं. न्यूयॉर्क सिटी बॅलेचा मोठा काळा नर्तक, 1969 मध्ये त्यानं हार्लेमला डान्स थिएटर ऑफ हार्लेम सुरू केलं, आणि 1970 च्या दशकात त्याच्या नाचणाऱ्या गुलाबी सोडून आपापल्या कातडीच्या रंगाचे मोजे आणि जोडे घालायला लागल्या. जोडे बाजारात मिळत नव्हते तर रंगवून घ्यायच्या. ब्राऊन रंगाचे बॅलेचे जोडे लंडनच्या फ्रीड कंपनीनं बनवून विकायला काढले ते 2018 मध्ये, इतका वेळ लागला. तोवर किती पोरींनी रात्री बसून तोंडाला लावायचं फाउंडेशन आपल्या जोड्यांना चोपडलं आहे.

तू सरांना सरळ सांग, दोन-तीन मैत्रिणी सोबत घे, सावळ्या तुम्ही नक्कीच अजून आहात त्या ग्रुपमध्ये. ब्राऊन, कॉफी, गव्हाळ असे शेड आता मिळतात. घेताना मनगटाच्या आतल्या बाजूला नाही, मांडीच्या रंगाशी लावून पाहायचं, आणि ट्यूबलाइटमध्ये नाही, उन्हात. ते नाहीच मिळालं तर सगळ्यांनी काळे किंवा ड्रेसच्या रंगाचे घाला, म्हणजे कोणाचीच कातडी मोजली जाणार नाही. सर नाही म्हणाले तर मला परत लिही, मी त्यांच्या नावानं पुढच्या अंकात उत्तर देते.